दिगांबररावांची चारशे बारा माणसं

आमच्या गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की शेजारीपाजारी त्यांना नळ कधी येतो ते सांगतात, कचऱ्याची गाडी किती वाजता येते ते सांगतात. दिगांबरराव हिरुडकर त्यांना पणजोबांचं नाव विचारतात.

सामान अजून टेम्पोतच असतं. बिचारा माणूस डोक्यावर गादी घेऊन फाटकात उभा असतो, आणि त्याच्या समोर पांढरा पायजामा, बंडी आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा अशी मूर्ती येऊन ठाकते. "पणज्याचं नाव काय तुमच्या?" माणूस गोंधळून आजोबांचं नाव सांगतो. "तो आजा झाला. मी पणजा विचारून राहिलो." दहातल्या नऊ जणांना ते येत नाही. मग दिगांबरराव त्याच्याकडे असं बघतात, जणू ती गादी त्यानं कुठून तरी चोरून आणली आहे. "चार पिढ्या माहीत नाही अन् एसी लावाले चालला," असं त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणतात आणि घरात जातात.

यातून कोणी सुटलेलं नाही. गॅसवाला नाही, पोलिओचे डोस पाजायला येणाऱ्या बाई नाहीत. मत मागायला आलेल्या एका उमेदवारानं हात जोडलेलेच होते, ते तसेच ठेवून तो पुढच्या गल्लीत पळाला.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहतो. नागपूरच्या नंदनवनात आम्ही घर घेतलं तेव्हा मलाही तो प्रश्न झाला होता, आणि मी नापास झालो होतो. तेव्हापासून त्यांच्या लेखी मी रीतसर निरुपयोगी माणूस होतो. पण मी एका खाजगी संस्थेत कॉम्प्युटर शिकवतो हे त्यांना कळलं आणि माझी बढती झाली. "मास्तर, तुह्याशी काम आहे," म्हणत ते एका रविवारी सकाळी थेट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आले. काखेत कागदाची भली मोठी गुंडाळी होती.

दिगांबररावांची सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली. लोकांच्या धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर उभं राहून, कोणाचा हात कोणाच्या वावरात किती घुसला ते काढायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून ते नातेवाईक मोजायला लागले. नरखेड तालुक्यातल्या त्यांच्या गावापासून सुरुवात करून सगळ्या हिरुडकरांची वंशावळ त्यांनी ड्रॉइंग पेपरवर काढली. सतरा कागद, खळीनं एकाला एक जोडलेले. ती खळ झुरळांना फार आवडली. पणजोबांच्या धाकट्या भावाची अख्खी शाखा त्यांनी खाऊन टाकली.

"आता कॉम्प्युटरवर कराची," दिगांबरराव म्हणाले. "एकही माणूस सुटला नाही पाहिजे. अन् मोठी छापाची. नवरात्रात गावाले कुळाची पूजा असते, थोरल्या बापूराव भाऊच्या हातानं उघडाची. तू मले फक्त सॉफ्टवेअर निवडून दे."

'फक्त' हा शब्द त्यांनी वापरला होता, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. त्या 'फक्त'ला सात महिने लागले.

पहिलं सॉफ्टवेअर पन्नास माणसांपर्यंत फुकट होतं. "अन् एकावन्नावा काय विहिरीत ढकलू?" बाद. दुसऱ्याला मराठी येत नव्हतं. म्हणजे येतं असं त्यात लिहिलेलं होतं, पण छापताना त्यानं जोडाक्षरांचे हातपाय तोडून कोणा कृष्णरावांचे अवयव चौकटीभर पसरून दिले. दिगांबररावांनी तो कागद भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "हा माणूस निमोनियानं गेला होता. यानं तं त्याले रेल्वेखाली घातलं." तिसरं परदेशी होतं आणि स्वतःला फार हुशार समजत होतं. तुमच्या आजोबांशी जुळणारी नोंद सापडली, असं त्यानं एका सकाळी कळवलं. ती पोर्तुगालमधल्या कोणा मासेमाराची होती. तुमचा विश्वास बसणार नाही, दिगांबररावांनी त्यावर दोन दिवस घालवले. "आजा एक वर्ष घरून गायब होता, असं माय सांगे," असं मला अगदी गंभीरपणे सांगितलं.

चौथं बरं होतं. मीही आशेला लागलो होतो. पण हिरुडकरांच्या घरात तीन पिढ्या मामाच्या मुली केलेल्या. सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी अडायचं आणि इंग्रजीत सांगायचं की ही व्यक्ती आधीच या झाडात आहे. "असनारच ना बापा! घरातलीच पोरगी केली त्यानं, ते कुठून येईन मंग?" दिगांबरराव स्क्रीनवर ओरडायचे. त्या कंपनीच्या मदत केंद्रातून एका मुलीचा फोन आला, तर तक्रार सांगायच्या आधी यांनी तिला पणजोबांचं नाव विचारलं. तिनं पणजोबा, खापरपणजोबा आणि त्यांचं गाव, सगळं घडाघडा सांगितलं. आठवडाभर त्यांनी त्या कंपनीचं कौतुक केलं. घेतलं मात्र नाही.

प्रत्येक सॉफ्टवेअर पाहताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. माणसाच्या नावापुढे 'जिवंत' आणि 'मृत' असे दोन पर्याय असत. ते पाहून दिगांबरराव विचारत, "तिसरा खाना नाही का?"

"तिसरा कशाचा काका? भुताचा?"

"नाही ना? मंग राहू दे," म्हणत आणि पुढचं सॉफ्टवेअर दाखवायला लावत. विक्षिप्तपणाच्या माझ्याकडच्या यादीत मी हाही प्रकार टाकून दिला होता.

नातेवाईक त्यांना टरकून होते. लग्नाला गेले तर हे आहेर देताना नवरीला जन्मतारीख विचारत, आणि मागे रांग खोळंबलेली असे. म्हाताऱ्यांना फोन लावून विचारत, "जन्म कधीचा तुमचा?" तिकडून उत्तर येई, "कापूस वेचणीच्या टायमाले." मग कोणत्या सालचा कापूस, त्या साली बैल कोणता होता, तो बैल कधी मेला, अशी उलटतपासणी चाले. पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलानं कुटुंबाचा ग्रुप कायमचा मूक करून टाकला होता. शोभाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ती सोय नव्हती. त्या तांदूळ निवडता निवडता मला ऐकवत, "मेलेल्या माणसाईची एवढी चौकशी करते हा माणूस, अन् जित्या बायकोले कधी विचारत नाही, जेवली का म्हणून."

शेवटी सातव्या महिन्यात एक सॉफ्टवेअर त्यांनी पत्करलं. त्यात तिसरा खाना नव्हताच, पण नवरात्र तोंडावर आलं होतं. मग तीन आठवडे, रोज सकाळी क्लासच्या आधी दोन तास, मी त्यांच्याकडे बसून नावं भरली. त्यांच्यासमोर वडिलांच्या हातची लाल बांधणीची जुनी वही असे. त्यातून ते मोजणीचे आकडे सांगावेत तसे सांगत. नाव, बाप, माय, जन्म, लग्न, मृत्यू. चारशे बारा माणसं झाली. माझ्या स्वतःच्या मामेभावांची नावं मला सलग येत नाहीत, पण हिरुडकरांच्या पाच पिढ्या आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

छापायला देण्याआधी त्या सॉफ्टवेअरमध्ये तपासणीचं एक बटण होतं. ते दाबलं की झाडातल्या चुका दिसतात. मी ते मोठ्या आनंदानं दाबलं. सात महिन्यांचा सूड होता तो. नऊ चुका निघाल्या. कोणी रामचंद्र आपल्या बापापेक्षा चार वर्षांनी मोठा होता. एक आजीबाई एकशे चाळीस वर्षांच्या होऊन अजून जिवंत होत्या. मी एकेक चूक रंगवून वाचत होतो आणि दिगांबररावांचा चेहरा पडत होता. मग शेवटची आली.

"काका, ही सुमन कोण? कमालीची बाई आहे. मेल्यानंतर तीन लेकरं झाली हिला!"

मी हसलो. एकटाच हसलो. काकूंचा तांदळातला हात थांबला होता.

"माही बहीण आहे ते," दिगांबरराव म्हणाले. "माह्यापेक्षा दोन वर्षानं मोठी."

"आहे?"

"आहे. जरीपटक्यात राहते."

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. सुमनच्या लग्नाचं साल आणि मृत्यूचं साल एकच होतं. भरताना माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दिगांबरराव बोलले ते वही मिटून, तिच्यावर हात ठेवून. सुमन शिकायला नागपुरात राहिली होती, शिक्षिका व्हायला. तिथं बरोबर शिकणाऱ्या एका बौद्ध मुलाशी तिनं लग्न केलं. गावात कळलं तेव्हा वडिलांनी सगळ्यांना नदीवर नेलं आणि पोरगी मेली म्हणून तिच्या नावानं तीळ-पाणी सोडायला लावलं. थोरल्या बापूरावांनी सोडलं, चुलत्यांनी सोडलं.

"मी बावीस वर्षांचा होतो," दिगांबरराव म्हणाले. "मीबी सोडलं. कोणी हात धरून नव्हता ठेवला माहा. घरी येऊन बाबानं वहीत तारीख टाकली. तेच मी तुले सांगितली. वहीत आहे म्हणून सांगितली."

"आणि मुलांच्या जन्मतारखा? त्या कुठं आहेत वहीत?"

"त्या वहीत नाही. त्या मले माहीत आहे."

मी खरं सांगतो, मला त्या वेळी त्यांची कीव आली नाही. रागच आला. नंदनवनापासून जरीपटका म्हणजे स्कूटरनं अर्धा तास. पोर्तुगालच्या मासेमारावर दोन दिवस घालवणाऱ्या माणसाला पंचेचाळीस वर्षांत तो अर्धा तास मिळाला नव्हता. दारात आलेल्या परक्याचा पणजोबा यांना पाहिजे, आणि सख्खी बहीण जिवंत आहे हे लिहायला तिसरा खाना पाहिजे! मी तोंडावर बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते असावं. कारण काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "माह्याकडं काय पाहतोस? मी लग्न होऊन आली तईपासून सांगून राहिली."

"हे असं छापता येणार नाही काका," मी म्हणालो. "दोनच मार्ग आहेत. एक तर लेकरं काढा, नाहीतर मृत्यू काढा."

दिगांबररावांनी चष्मा काढला, बंडीला पुसला, पुन्हा लावला.

"तारीख खोड," ते म्हणाले.

मी खोडली. त्या सॉफ्टवेअरमध्ये मेलेल्यांचे चौकोन राखाडी असतात आणि जिवंतांचे हिरवे. सुमनचा चौकोन हिरवा झाला. दिगांबरराव खुर्ची पुढे ओढून अगदी जवळून त्याच्याकडे बघत राहिले.

त्याच संध्याकाळी त्यांनी बापूरावांना फोन लावला. मला समोर बसवून घेतलं होतं, का ते मला माहीत नाही. ऐंशी ओलांडलेल्या बापूरावांना कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघंही ओरडतच बोलत होते.

"भाऊ, सुमनताईचं नाव जितं दाखवलं मी."

"कोनाचं?"

"सुमनताईचं!"

मग बापूराव म्हणाले, "तिचं पाणी सुटलं आहे, दिगू."

"आपन सोडलं. ते तं जिती आहे ना."

"बाबाच्या वहीत काय आहे?"

"वहीत चुकीचं आहे," दिगांबरराव म्हणाले. मोजणी खात्यात आयुष्य काढलेला माणूस, मूळ नकाशा चुकला असं म्हणत होता.

"मंग ते झाड इकडं आनू नोको," बापूराव म्हणाले आणि फोन ठेवला.

सात महिने, सतरा कागद, चारशे बारा माणसं, आणि ते उघडायला आता जागा नव्हती. मला वाटलं, म्हातारा माघार घेईल. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो फ्लेक्सच्या दुकानात गेला. दुकानदारानं फाईल उघडली, एवढी नावं पाहिली आणि विचारलं, "वाढदिवसाच्या शुभेच्छुकांची यादी आहे का? वर साहेबांचा फोटो कुठंय?" दिगांबररावांनी त्याला पणजोबाचं नाव विचारलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की माणूस ठिकाणावर नाही.

आठ फुटांचा फ्लेक्स मांडीवर आडवा धरून मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. कुठं चाललो हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जरीपटक्याच्या बाजारात भाजीच्या गाड्यांमधून वाट काढताना त्या गुंडाळीचा धक्का दोन-तीन जणांना लागला आणि शिव्या मी खाल्ल्या. त्यांनी रस्ता कोणालाही विचारला नाही. तीन वळणं घेऊन, एका पिवळ्या घरासमोर स्कूटर थांबवली. मग मात्र उतरेनात.

"काका, उतरा."

"घरी नसन कोणी."

दार उघडंच होतं. आतून एक उंच, सडपातळ बाई चष्मा पुसत बाहेर आली. नाक हुबेहूब दिगांबररावांचं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"दिगू," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. "चप्पल काढून ये. फरशी पुसली आहे आताच."

आत बसल्यावर दिगांबररावांनी आधी गुंडाळीची दोरी सोडली. मग त्यांनी मला खूण केली आणि आम्ही दोघांनी तो फ्लेक्स तिच्या हॉलमध्ये पसरला. सोफा सरकवावा लागला. सुमनताई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"पंचेचाळीस वर्षानं आला," त्या म्हणाल्या, "अन् बॅनर घेऊन आला."

मला फार बरं वाटलं. कोणीतरी त्यांना हे म्हणायलाच हवं होतं.

मग त्या गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. शिक्षिकेच्या सवयीनं बोट लावून वाचू लागल्या. आईच्या चौकोनावर बोट थांबलं, पुढे गेलं. स्वतःच्या चौकोनापाशी आल्या. तिन्ही मुलांच्या तारखा वाचल्या. "बरोबर आहे," म्हणाल्या, जणू वही तपासत होत्या. मग नवऱ्याच्या नावावर आल्या. तो चौकोन राखाडी होता. तीन वर्षांपूर्वीची तारीख होती.

"ही तारीख तुले कोणी सांगितली?"

दिगांबरराव फ्लेक्सची घडी नीट करत बसले होते. "कोणी नाही," ते म्हणाले. "मी आलो होतो. घाटावर. लोकाईच्या मागं उभा होतो."

"कधीपर्यंत?"

"तुमची गाडी निघेपर्यंत."

बाहेर कोणीतरी भंगार घेणारा ओरडत गेला.

"मंग पुढं याचं होतं," सुमनताई म्हणाल्या.

"हिंमत नाही झाली वं ताई. तुह्या मोठ्या पोराच्या लग्नातही असाच आलो होतो. मांडवाच्या बाहेरून पाहून गेलो. तुह्या मंदाच्या बारशालेही इथं कोपऱ्यापर्यंत आलो."

तेव्हा मला कळलं की यांना रस्ता विचारावा का लागला नाही. पंचेचाळीस वर्षं हा माणूस या गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता आणि परत जात होता. याला शौर्य म्हणणार नाही मी. आजही म्हणत नाही. पण माझ्या रागाचा जोर तिथं जरा ओसरला, एवढं खरं.

सुमनताईंनी पदरानं डोळे पुसले. रागानं पुसावेत तसे, खसाखसा. मग भिंतीला हात लावून उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. दारात थांबून, मागे न बघता त्यांनी विचारलं, "वांग्याची भाजी केली आहे मी. अजूनही खात नाहीस का तू?"

वांगं केलं की काकू त्यांच्यासाठी वेगळी भाजी करतात, हे मी तीन आठवडे त्यांच्या घरात बसून पाहिलं होतं. वांगं नुसतं ताटात दिसलं तरी ते ताट सरकवतात.

"खातो आता," दिगांबरराव म्हणाले.

आणि त्यांनी खाल्ली. खाली मान घालून. दुसऱ्यांदा मागूनही घेतली.